१४१ विरुद्ध ५, आणि ३५ तटस्थ

२ मार्च २०२२. रशियाने युक्रेनमध्ये सैन्य घुसवून जेमतेम आठवडा झाला होता. ते सैन्य मागे घ्यावे, अशी मागणी करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मताला आला. बाजूने १४१, विरोधात ५, तटस्थ ३५. भारत तटस्थांत होता. प्रश्नमंजूषेला एवढी माहिती पुरते. अकरावी-बारावीच्या जागतिक राजकारणाचा अभ्यास मात्र इथून पुढे सुरू होतो.

आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) मंडळाच्या ‘ग्लोबल पॉलिटिक्स’ या विषयात कोणतीही घटना चार संकल्पनांतून तपासायची असते : सत्ता, सार्वभौमत्व, अधिमान्यता आणि परस्परावलंबन. याच मतदानाला त्या लावून पाहू. आमसभेच्या आधी, २५ फेब्रुवारीला, सुरक्षा परिषदेत १५ पैकी ११ मते ठरावाच्या बाजूने पडली होती. तरी तो फेटाळला गेला, कारण रशियाने नकाराधिकार वापरला. १९४५ मध्ये पाच देशांच्या हाती आलेली ही सत्ता आजही टिकून आहे. युक्रेनच्या सीमांचा प्रश्न सार्वभौमत्वाचा. आमसभेचा ठराव कोणावर बंधनकारक नसतो. मग १४१ मतांची किंमत काय? आक्रमण करणाऱ्याची बाजू जगाला पटलेली नाही, याची ती नोंद असते. ही झाली अधिमान्यता.

उरले परस्परावलंबन. भारतीय सैन्याची बरीच शस्त्रे रशियन बनावटीची. शिवाय त्याच दिवसांत खारकीव्ह आणि सुमी इथे भारतीय वैद्यकीय विद्यार्थी अडकले होते. युक्रेनमध्ये शिकणाऱ्यांत महाराष्ट्रातली मुलेही होती. त्यांच्या सुटकेसाठी दोन्ही बाजूंनी वाट द्यायला हवी होती. मग भारत तटस्थ राहिला ते योग्य की अयोग्य? दोन्ही उत्तरांना गुण मिळू शकतात. परीक्षक पाहतो तो युक्तिवाद, पुरावा आणि विरुद्ध मताची घेतलेली दखल.

आपल्या राज्य मंडळाचे बारावीचे राज्यशास्त्र वेगळ्या वाटेने जाते. पुस्तक ‘१९९१ नंतरचे जग’पासून निघते, जागतिकीकरण आणि मानवतावादी प्रश्न घेत ‘भारत आणि जग’पर्यंत पोहोचते. सीबीएसईच्या शाळांत एनसीईआरटीचे ‘समकालीन जागतिक राजकारण’ शिकवतात. २००७ च्या या पुस्तकाचे मुख्य सल्लागार होते योगेंद्र यादव आणि पुण्याचे सुहास पळशीकर. अभ्यासाचा भार हलका करण्याचे कारण देत २०२२ मध्ये त्यातून शीतयुद्ध आणि अमेरिकी वर्चस्व ही प्रकरणे वगळली गेली. पुढच्याच वर्षी, पुस्तकांतल्या अशा काटछाटीनंतर, दोघांनी आपली नावे काढून टाकायला सांगितले. आता विद्यार्थी सोव्हिएत संघाच्या पतनापासून सुरुवात करतो. जे कोसळले ते उभे कसे होते, हे त्याला दुसरीकडे शोधावे लागते. पाठ्यपुस्तकात काय राहावे हे कोण ठरवतो, हाही सत्तेचाच प्रश्न.

आयबीत आणखी एक अट असते. विद्यार्थ्याने एखाद्या राजकीय प्रश्नात प्रत्यक्ष उतरून, संबंधितांशी बोलून अहवाल लिहायचा. नाशिक जिल्ह्यातल्या मुलाला त्यासाठी दूर जायला नको. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ कांदा निर्यातीवर बंदी होती. शहरी ग्राहकाला कांदा स्वस्त हवा होता, लासलगावच्या शेतकऱ्याला भाव हवा होता, बांगलादेशाला माल हवा होता. आणि सरकार बंदीतही निवडक देशांना मोजका कांदा पाठवत होते. निर्णय दिल्लीचा, झळ बाजार समितीत आणि परिणाम शेजारच्या देशात. चारही संकल्पना इथे कामाला लागतात.

आयबी शाळांचे शुल्क बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचे आहे. ही पद्धत मात्र राज्य मंडळाच्या वर्गातही वापरता येईल. आठवड्याला एक बातमी घ्यायची, वर्गाचे दोन गट करायचे आणि ज्याला जे मत पटत नाही, तीच बाजू त्याला मांडायला लावायची. गुणपत्रिकेत याची नोंद होणार नाही. पण अठराव्या वर्षी मतदार यादीत नाव घालणाऱ्या मुलांसाठी याहून वेळेवर आलेला गृहपाठ दुसरा नसेल.