हवा सोडावी, पण मोजून

परभणी जिल्ह्यातल्या पोखर्णीच्या नृसिंहाच्या दर्शनाला येणारी गाडी डांबरावरून येते आणि डांबरावरूनच परत जाते. गाडीची परीक्षा होते ती गावातून शेताकडे वळल्यावर. मृगाचा पाऊस पडून गेला की इथली काळी भुई दोन-तीन दिवस कोणाचंच ऐकत नाही. ट्रॅक्टर असो की जीप, चाक जागीच फिरतं, चाकोरी खोल होत जाते आणि भोवती जमलेल्यांपैकी कोणीतरी सांगतं, ‘‘चाकाची हवा सोड.’’ सल्ला अर्धा बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्याने टायर, ट्यूब आणि जमीन या तिन्हींचं नुकसान होतं.

पहिला गैरसमज असा की हवा सोडणं ही जीप घेऊन डोंगरात भटकणाऱ्या हौशी मंडळींची खोड आहे, शेतकऱ्याचा त्याच्याशी काय संबंध? संबंध जुना आहे. अमेरिकेत १९३२ साली ॲलिस-चाल्मर्स कंपनीने ट्रॅक्टरच्या लोखंडी चाकांच्या जागी कमी दाबाचे हवेचे टायर दिले, तेव्हा शेतीतलं चाकच बदललं. त्याच सुमारास लिबियाच्या वाळवंटात राल्फ बॅग्नोल्ड हा इंग्रज अधिकारी मोटारींच्या टायरमधली हवा कमी करून वाळूचे डोंगर ओलांडत होता. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘डक’ या जमीन-पाण्यावर चालणाऱ्या ट्रकमध्ये तर चालकाला जागेवर बसूनच टायरची हवा कमी-जास्त करता येई.

हवा कमी केल्यावर होतं काय? बहुतेकांना वाटतं, टायर पसरट होतो. पसरट तो थोडाच होतो. जमिनीला टेकलेला भाग मुख्यतः लांबीने वाढतो. हिशोब सोपा आहे. एका चाकावर ४०० किलो भार असेल आणि हवा ३० पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो असेल, तर टायर साधारण १९० चौरस सेंटिमीटर जागेवर उभा राहतो. हवा १५ केली की तीच जागा सुमारे ३८० होते. टायरची भिंत स्वतः थोडा भार उचलते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा जरा कमी येतो. पण भार तोच राहून तो पेलणारी जागा दुपटीच्या जवळ जाते, म्हणून चाक कमी रुततं. गंगाखेडजवळच्या गोदावरीच्या कोरड्या वाळूत याचा फरक लगेच कळतो. जीपसारख्या गाडीला मोकळ्या वाळूत १५ ते १८ पीएसआय ही चालू शकणारी पातळी. मात्र मग वेग बैलगाडीपेक्षा थोडाच जास्त ठेवायचा आणि वळण झटक्याने घ्यायचं नाही.

आता काळ्या चिखलाकडे येऊ, कारण सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. वाळूतला उपाय चिखलात तसाच लागू पडेल असं लोक धरून चालतात. आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. त्याच्या पातळ पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं, माती फुगते आणि गुळाच्या पाकासारखी चिकटते. ती टायरच्या खाचांमध्ये भरली की नवा कोरा टायरसुद्धा गुळगुळीत टायरसारखा वागतो. हवा कमी केली तर चाक जरा कमी रुततं, टायर लवचिक झाल्याने थोडी माती झटकलीही जाते. पण खाच भरलेली असेल तर पकड कशाची मिळणार? आणि गाडीचं पोट मातीला टेकलं असेल तर हवा सोडून काहीच साधत नाही. आधी फावड्याने पोटाखालची माती काढायची, मग बाकीचं.

शेतात तर खरं उत्तर टायरमध्ये नाहीच. ते आपल्या आजोबांच्या शब्दात आहे: वाफसा. मुठीत मातीचा गोळा दाबायचा, कमरेच्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर वाफसा आला, चपटा होऊन बसला तर ट्रॅक्टर घरीच बरा. कमी हवेच्या टायरने वरच्या थरातलं दडपण नक्की कमी होतं. पण खोलवरची माती किती दबणार हे मुख्यतः एका आसावर एकूण किती वजन आहे यावर ठरतं. ओल्या रानात भरलेली ट्रॉली घातली, तर टायरमध्ये कितीही कमी हवा असली तरी खाली कठीण थर बसतो आणि कापसाची, तुरीची मुळं तिथेच अडतात. मला याची फार काळजी वाटते, कारण चाकोरी नांगरटीने बुजते, खालचा थर मात्र वर्षानुवर्षं दिसतच नाही.

हवा सोडायची कशाने, यातही चुकीच्या कल्पना आहेत. काडीने किंवा खिळ्याने व्हॉल्व्हमधली पिन दाबून धरणं ही सगळ्यांना माहीत असलेली रीत. त्यात वाईट काही नाही, फक्त किती हवा गेली हे कळत नाही आणि चारही टायर अंदाजाने वेगवेगळे होतात. बाजारात मिळणारी हवा सोडायची उपकरणं ढोबळमानाने दोन तऱ्हेची. एक, व्हॉल्व्हवर फिरवून बसवायची पितळी टोपणं, आत स्प्रिंग असलेली. ठरवलेला दाब आला की ती आपोआप बंद होतात. चारही चाकांना एकदम लावता येतात. त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नये, आधी चांगल्या गेजने तपासून त्यांची स्प्रिंग जुळवून घ्यावी लागते आणि आत माती गेली की ती चुकतात. दुसरं उपकरण व्हॉल्व्हची पिनच बाहेर काढून आपल्यात धरून ठेवतं. वाट मोठी मिळाल्यामुळे हवा फार लवकर सुटते आणि त्यालाच गेज जोडलेलं असतं. एखाददुसरीच गाडी असलेल्या माणसाने माझ्या मते हेच घ्यावं. सोबत चार जादा पिना आणि पिन काढायची चावी डब्यात ठेवावी.

गेज घेताना मोठा आकडा दाखवणारं चांगलं, असं समजू नका. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये शेतात साधारण १२ ते १६ पीएसआय हवा असते. ट्रकसाठीच्या १६० पर्यंतच्या गेजवर हा काटा तळाशीच लुडबुडतो. ० ते ६० चं गेज घ्या. आणि मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेलं असेल तर व्हॉल्व्ह सगळ्यात वर येईल असं चाक फिरवूनच उघडा, नाहीतर हवेऐवजी पाणीच बाहेर येईल. पाण्यामुळे आत हवेची जागा थोडीच उरते, म्हणून जराशी हवा सोडली तरी काटा भराभरा खाली येतो.

ट्यूबवाल्या टायरला एक वेगळा धोका आहे. हवा फार कमी करून जोर लावला की रिम आत फिरते, टायर जागच्या जागी राहतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून तुटतो. ट्यूबलेस असेल तर टायरची कड रिमवरून सुटते. किती खाली जायचं हे टायर कंपनीच्या भार-दाब तक्त्यात पाहावं.

‘उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून आधीच कमी ठेवावी’ हे तर पंक्चरच्या दुकानांतही ऐकू येतं. तापमान दर साडेपाच अंशांनी वाढलं की दाब सुमारे एक पीएसआय वाढतो, हे खरं. पण कंपनीने गाडीच्या दारावर लिहिलेला आकडा थंड टायरसाठीचा असतो आणि ही वाढ त्यात धरलेलीच असते. परभणीच्या मे महिन्यात कमी हवेचा टायर डांबरावर पळवला की त्याची भिंत सतत वाकते, आतून तापते आणि फुटते.

म्हणून हवा सोडायचं उपकरण घ्यायच्या आधी हवा भरायची सोय करा. गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर जीपच्या टायरला पुरतो. ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरला मात्र त्याला खूप वेळ लागतो. पाणंदीतून डांबरावर चढण्यापूर्वी, तिथेच थांबून, चारही टायर लिहिलेल्या आकड्यापर्यंत भरायचे. मग व्हॉल्व्हवर थुंकी लावून पाहायची, बुडबुडा आला तर पिन घट्ट करायची आणि खिशात ठेवलेली व्हॉल्व्हची नेहमीची टोपणं आठवणीने परत बसवायची, कारण काळी माती एकदा व्हॉल्व्हमध्ये वाळली की पुढच्या वेळी पिन नीट बसत नाही.