तबकडीची मागची बाजू

सात इंचांची तबकडी, फेरे मिनिटाला ४५, मध्ये ज्यूकबॉक्ससाठीचं मोठं भोक आणि एपिक कंपनीचं नारिंगी लेबल. १९७६ साली अमेरिकेत निघालेल्या या सिंगलवर गाणं होतं 'प्ले दॅट फंकी म्युझिक' आणि बँड होता वाइल्ड चेरी. हे गाणं खरं तर मागच्या बाजूला जायचं होतं.

रॉब पॅरिसी हा ओहायोतल्या पोलाद कारखान्यांच्या पट्ट्यातला गायक-गिटारवादक. बँडचं नाव त्याने खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीवरून उचललेलं. पहिली खटपट फसली तेव्हा वाद्यं विकून तो एका स्टेकहाऊसमध्ये नोकरीला लागला. पुढे पुन्हा बँड उभा केला, पण तो रॉक वाजवणारा आणि जोर वाढत चाललेला डिस्कोचा. पिट्सबर्गच्या एका क्लबात वाजवताना कृष्णवर्णीय श्रोते त्यांच्या लाडक्या फंकबद्दल, म्हणजे ठेक्यावर उभ्या असलेल्या संगीताबद्दल, विचारत राहिले, की तुम्ही गोरी पोरं फंक वाजवणार की नाही? हा सवाल ड्रमर रॉन बाइटलने मध्यंतरात बँडपुढे ठेवला आणि पॅरिसीने बारमधल्या ऑर्डरच्या वहीवर गाणं लिहायला घेतलं. टोमणा सरळ गाण्यात आला, हा त्याचा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

सुरुवातीची गिटारची ओळ लक्ष देऊन ऐका. सूर मोजकेच, पण त्यांच्यामधल्या जागा अशा अचूक सोडल्या आहेत की ड्रम येण्याआधीच पाय ठेका धरतो. फंक त्या जागांत असतं. नुसता वेगवान हात असून तिथे भागत नाही.

ध्वनिमुद्रण क्लीव्हलंडला झालं. बँडच्या मनात पुढच्या बाजूला कमोडोर्स या बँडचं 'आय फील सँक्टिफाइड' आणि मागे हे नवं गाणं, असा बेत होता. माइक बेल्किन आणि कार्ल मदुरी यांच्या स्वीट सिटी या क्लीव्हलंडच्या कंपनीने मात्र नवं गाणंच पुढे आणायचं ठरवलं. वितरण एपिककडे गेलं. अल्बममधलं पाच मिनिटांचं गाणं रेडिओसाठी कापून तीन मिनिटांच्या आसपास आणलं. ती कात्री मला आजही खुपते. लांब आवृत्तीत वादकांना श्वास घ्यायला जागा आहे. पण रेडिओवर चाललं ते छोटंच. सप्टेंबर १९७६मध्ये ते बिलबोर्ड या नियतकालिकाच्या गाण्यांच्या मुख्य यादीत पहिलं आलं आणि तीन आठवडे तिथे टिकलं. कृष्णवर्णीय श्रोत्यांची पसंती सांगणाऱ्या सोल यादीतही पहिलं आलं. क्लबातल्या त्या सवालाला याहून चोख उत्तर कोणतं असणार! तेव्हा २० लाख प्रतींसाठी दिलं जाणारं प्लॅटिनम प्रमाणपत्रही मिळालं. एवढं यश वाइल्ड चेरीला पुन्हा लाभलं नाही.

पुढे व्हॅनिला आइस या रॅपरने याच गाण्यावर बेतलेली सिंगल काढली. तिच्या मागच्या बाजूला होतं 'आइस आइस बेबी'. एका डीजेने तबकडी उलटून तेच वाजवलं आणि १९९०मध्ये बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिलं येणारं ते पहिलं रॅप गाणं ठरलं. पुढच्या बाजूच्या गाण्याचं श्रेय पॅरिसीला दिलेलं नव्हतं. त्याबद्दल नंतर पॅरिसीला भरपाई द्यावी लागली.