रंग लाकडात की लाकडावर?

घरच्या छोट्या लेथवर कातलेल्या वस्तूला रंग द्यायचा म्हटले की हात आधी वुडस्टेनच्या डब्याकडे जातो आणि मागोमाग वॉर्निशकडे. सपाट फळीला हा क्रम मानवतो. कातीव वस्तूला तो मानवत नाही, आणि त्याचे कारण झाडाच्या रचनेत आहे. खोडातून पाणी वर नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या फळीच्या पृष्ठावर आडव्या पडलेल्या असतात. आडव्या रेषांच्या ठोकळ्यातून वाडगा कातला, तर एका फेऱ्यात दोनदा त्यांची तोंडे उघडी पडतात. भोवऱ्याच्या उतारावर आणि खुंटीच्या गळ्याशीही ती उघडी पडतात. उघडी तोंडे रंग अधाशासारखी पितात, मधला भाग मात्र कोराच राहतो. मग एकाच वाडग्यावर दोन काळपट आणि दोन फिकट डाग उमटतात. बारीक काचकागदाने किंवा चपड्याच्या पातळ हाताने हे कमी होते, पण त्याबरोबर रंगही फिका पडतो. म्हणजे गोल वस्तूचा रंग लाकडात मुरवण्यापेक्षा लाकडावर बसवणे शहाणपणाचे.

कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या आणि आंध्रातल्या एटिकोप्पाकाच्या कारागिरांची पद्धत नेमकी हीच आहे. दोन्हीकडचे नेहमीचे लाकूड एकाच झाडाचे, आपल्याकडच्या काळ्या कुड्याचे. ते फिकट आणि घट्ट पोताचे असल्याने वरचा रंग मळका दिसत नाही. लाखेत रंग मळून तिची कांडी करतात आणि ती फिरत्या लाकडावर दाबतात. लाख साधारण 75 ते 80 अंश सेल्सिअसला वितळते, आणि तेवढी उष्णता घर्षणातूनच मिळते. पसरलेल्या थरावर केवड्याच्या जातीचे पान दाबून धरले की चकाकी येते. ब्रश नाही, थिनरचा वास नाही, वाळण्याची वाट पाहणे नाही. रंग आणि पॉलिश एकाच वेळी उरकते. लेथ मात्र सुरू असावा लागतो, आणि लाखेला गोल पट्टेच साधतात. सावंतवाडीच्या लाकडी आंब्यावर देठाकडून पोटाकडे उतरत जाणारी छटा हवी असते, म्हणून तिथे ब्रशच लागतो. त्या कामात लाखेचा हट्ट धरणे वेडेपणाचे.

लाख नाजूक असते हा आक्षेप खरा आहे. गरम कपाने तिच्यावर पांढरे वलय उठते, स्पिरिटने ती विरघळते आणि धुण्याच्या सोड्यानेही खराब होते. पॉलियुरेथेन यात तिच्या कितीतरी पुढे आहे. पण पॉलियुरेथेनचा थर उडाला की तो घासून काढून पुन्हा द्यावा लागतो. लाखेचा थर वस्तू लेथवर चढवून पुन्हा ऊब दिली की सांधतो. रोज धुवायच्या वस्तूला लाख नकोच. खुळखुळा, भोवरा, पेनाचा दांडा, डबीचे झाकण यांना मात्र ती पुरते. ‘किड्याची राळ मुलांच्या तोंडात कशी घालायची?’ असेही विचारले जाते. शुद्ध केलेली हीच लाख गोळ्या-चॉकलेटांवर चकाकीसाठी वापरतात.

खरा धोका लाखेत नसून तिच्यात मळलेल्या रंगात असतो, आणि इथे परंपरेवर डोळे झाकून विसंबता येत नाही. जुन्या लाखकामात पिवळ्यासाठी हरताळ आणि तांबड्यासाठी हिंगूळ वापरत. पहिल्यात आर्सेनिक, दुसऱ्यात पारा, आणि दोन्ही अगदी ‘नैसर्गिक’! हळद निर्धोक, पण उन्हात उडते. 1 जानेवारी 2021 पासून भारतात खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. हस्तकला आयुक्तांकडे नोंदणी असलेले कारागीर आणि भौगोलिक मानांकनाची खेळणी यांना त्यातून सूट आहे. कारागिरांची हलाखी पाहता ही सूट योग्यच म्हणावी लागेल, पण त्यामुळे रंगाची चौकशी घेणाऱ्यावर आणि घरी बनवणाऱ्यावर येऊन पडते. बाजारातला सुटा, नाव नसलेला रंग लाखेत मळू नये. खाद्यरंग किंवा खेळण्यांसाठी तपासलेला रंग घ्यावा.

लाटणे आणि रवी यांना रंगही नको, लाखही नको. फार तर जवसाचे कच्चे तेल चोळावे, ते हवेत सुकून घट्ट होते. शेंगदाण्याचे तसे होत नाही. मात्र तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नयेत. सुकताना त्या तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून मगच फेकाव्यात.