मंद लाइनवरचा बॅकअप

मंडळी, ऑफिसचा सगळा हिशेब एकाच पेटीत आहे आणि इमारतीत आग लागली किंवा पाणी शिरलं, तर? म्हणून नेटवर्क स्टोरेजची, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या हार्डडिस्कच्या पेटीची, जोडपेटी दुसऱ्या गावी ठेवा, असं मी सांगतो. त्यावर हमखास प्रश्न येतो, 'पण आमची लाइन फार मंद आहे, त्याचं काय?'

आधी गणित करू. अपलोडचा वेग सेकंदाला ४ मेगाबिट असेल, तर ५०० जीबी पाठवायला लाइन रात्रंदिवस चालवूनही साडेअकरा दिवस लागतात. म्हणून पहिली प्रत दोन्ही पेट्या शेजारी ठेवून करावी आणि मग एक पेटी गावी न्यावी. इथे एसटी इंटरनेटपेक्षा वेगवान ठरते!

त्यानंतर रोज पाठवायचे ते फक्त बदल. ते शोधायचे कसे, इथे पद्धती वेगळ्या होतात. साध्या कॉपीत बदललेली फाइल पूर्ण जाते. १ जीबीच्या फाइलीत एक नोंद वाढली, तरी अर्ध्या तासाहून अधिक वेळ जातो.

ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये यावर 'आरसिंक' आणलं. यात पलीकडची पेटी आपल्याकडच्या जुन्या फाइलीचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्याची छोटी गणिती खूण, म्हणजे चेकसम, पाठवते. अलीकडची पेटी त्या खुणा नव्या फाइलीशी ताडून पाहते आणि न जुळलेला भागच पाठवते. लाइनवरचा भार वाचतो. पण बदललेली फाइल दोन्हीकडे पूर्ण वाचावी लागते. शिवाय फाइल कॉम्प्रेस किंवा एन्क्रिप्ट केलेली असेल, तर थोड्या बदलानेही ती बरीचशी पालटते आणि फायदा फारसा उरत नाही.

तिसरी पद्धत स्नॅपशॉटची. 'झेडएफएस'सारख्या फाइलव्यवस्थेत कालच्या आणि आजच्या स्नॅपशॉटमधले बदललेले ब्लॉक पेटीला ठाऊकच असतात. फोल्डरचं नाव बदललं, तरी आतला मजकूर पुन्हा जात नाही. मात्र दोन्हीकडे तीच फाइलव्यवस्था हवी. ती असेल तर स्नॅपशॉट, नसेल तर आरसिंक, असा माझा सल्ला.

एक मात्र विसरू नका. नुसती जुळवाजुळव म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे व्हायरसने फाइली बिघडवल्या, तर त्या बिघडलेल्या फाइलीही इमानेइतबारे पलीकडे पोचतात. म्हणून पलीकडे मागच्या काही तारखांच्या प्रती राखून ठेवा, आणि महिन्यातून एकदा एखादी फाइल परत आणून, उघडून पाहा.