दोन शक्तींची गाडी आणि मोटरीतील दोष

अकोला-अमरावतीकडील शेतकऱ्याला तीन फेज म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. विहिरीवरच्या मोटरीचा एक फेज गेला की ती नुसती घुमते, तापते आणि वेळीच बंद न केल्यास जळते. 2022 साली बाजारात आलेल्या इनोव्हा हायक्रॉससारख्या हायब्रिड गाडीची चाके फिरविणारी मोटरही तीन फेजचीच आहे. फक्त तिची वीज बॅटरीतून येते आणि इन्व्हर्टर नावाची पेटी तिचे तीन फेज करते.

ही वीज शेकडो व्होल्टांची, म्हणून तिच्या तारा नारिंगी रंगाच्या असतात. सर्व्हिस प्लग काढला तरी इन्व्हर्टरमधील कपॅसिटरांत वीज शिल्लक राहते. ती उतरण्यास 10 मिनिटे द्यावीत, विजेचे रबरी हातमोजे घालावेत आणि दाब उतरल्याची मीटरने खात्री करावी. मालकाला ही 10 मिनिटे आळसाची वाटतात. मी म्हणतो, ती कामाचीच आहेत आणि त्यांची मजुरी मेकॅनिकला मिळालीच पाहिजे.

आता दोष कसा शोधावा? मोटरीच्या तिन्ही तारा इन्व्हर्टरपासून सोडवून दोन-दोन तारांमधील रोध मोजावा. तिन्ही आकडे सारखे यावयास हवेत. ते ओहमच्या अगदी लहान अंशाइतके असतात, म्हणून साधा मीटर येथे फसतो, मिलिओहम मोजणारा लागतो. मग मेगरने तारा आणि मोटरीचे कवच यांमधील इन्सुलेशन तपासावे.

पुष्कळदा मात्र चोर दुसराच असतो. साध्या गाडीत बॅटरीचे एक टोक सांगाड्याला जोडलेले असते. येथे उच्च दाबाची वीज सांगाड्यापासून पूर्णपणे अलग ठेवलेली असते. कोठेही गळती झाली की गाडी इशारा देते, पण ती मोटरीतच आहे असे नव्हे. हायब्रिडचा एसी कॉम्प्रेसरही बहुधा त्याच विजेवर चालतो आणि त्याला वीज न वाहणारे विशिष्ट तेल लागते. वैशाखात अकोल्याला एसीवाल्यांकडे रीघ लागते. त्या घाईत कोणी नेहमीचे तेल भरले, तर कॉम्प्रेसरचेच इन्सुलेशन ढासळते आणि आळ मोटरीवर येतो. तेव्हा कॉम्प्रेसरची तार सोडवून पुन्हा मोजावे. गळती नाहीशी झाली, तर मोटर उतरविण्याचे कारण नाही.