रुग्णाची कागदपत्रे : कोणती व कशासाठी?

सुरत शहराच्या नवागाम-दिंडोली भागात खानदेशातून उदरनिर्वाहासाठी आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाने त्यांचे गावी जाणे-येणे चालू असते. त्यामुळे उपचार सुरतेस सुरू होतो व पुढील तपासणी नंदुरबार, अमळनेर अथवा जळगाव येथे करावी लागते, असे अनेकदा घडते. अशा वेळी नव्या डॉक्टरांना आजाराची खरी हकीकत कळते ती कागदपत्रांवरूनच.

रुग्णालयात राहणारी कागदपत्रे

रुग्ण दाखल होताच त्याचा केसपेपर तयार होतो. त्यात नोंदणी क्रमांक, नाव, वय, पत्ता व दाखल झाल्याची तारीख-वेळ असते. त्यानंतर रुग्णाच्या तक्रारी, पूर्वीचे आजार, न सोसणारी औषधे, डॉक्टरांची तपासणी व रोगनिदान यांची नोंद होते. ताप, नाडी, रक्तदाब व औषधे दिल्याच्या वेळा परिचारिका तक्त्यात लिहितात. शस्त्रक्रिया झाल्यास संमतिपत्र, भूल दिल्याची नोंद व शस्त्रक्रियेचे टिपण जोडले जाते. अपघात, भाजणे वा विषबाधा अशा प्रकरणांत पोलिसांना दिलेल्या सूचनेचीही नोंद ठेवतात.

रुग्णाने जपावयाची कागदपत्रे

बाह्यरुग्ण विभागाचा केसपेपर, औषधांची चिठ्ठी, रक्त-लघवीचे अहवाल, एक्स-रे आणि घरी सोडताना मिळणारे डिस्चार्ज कार्ड ही रुग्णाने सांभाळावयाची कागदपत्रे होत. त्यांत डिस्चार्ज कार्ड सर्वांत महत्त्वाचे. रोगनिदान, केलेले उपचार, पुढे घ्यावयाची औषधे व पुन्हा दाखविण्याची तारीख हे सारे त्यात थोडक्यात असते. गरोदर मातेने माता व बाल संरक्षण कार्ड प्रवासातही जवळ ठेवावे.

क्षयरोगाचे उदाहरण घ्या. औषधे केव्हा सुरू झाली व कोणती होती, हे न कळल्यास उपचारात खंड पडण्याचा धोका असतो. आणि खंड पडल्यास जंतू औषधांना दाद देईनासे होतात. गुजरातीत लिहिलेला कागद परराज्यात वाचता येईलच असे नाही. म्हणून रोगाचे व औषधांचे नाव इंग्रजीतही लिहून घेणे इष्ट ठरते.

प्रत मिळण्याचा हक्क

मूळ केसपेपर रुग्णालयात राहिला, तरी त्याची प्रत मागण्याचा रुग्णास हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या विनियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षे जपून ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. रुग्णाने अथवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास ती 72 तासांत द्यावयाची असतात. अर्ज लेखी करावा, त्यात नोंदणी क्रमांक लिहावा आणि पोच घ्यावी.

2021 पासून देशभर राबविल्या जाणाऱ्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये 14 अंकी 'आभा' क्रमांकाशी अशा नोंदी जोडण्याची सोय आहे. तथापि, घरातील कागद टाकून देऊ नयेत. ते तारखेप्रमाणे लावून एका पिशवीत कोरड्या जागी ठेवावेत. एक्स-रेची घडी घालू नये. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांना अर्ज लिहून देण्याचे काम शिक्षक व ग्रामसेवक सहज करू शकतील.