अमरावतीच्या वीर वामनरावांनी नाटक लिहिलं, दीनानाथांनी ते गाजवलं. पण गवयाला पोसणारी कंपनी का टिकली नाही?

साल होतं १९२७. बळवंत संगीत मंडळीनं 'रणदुंदुभि' नावाचं नवं नाटक रंगभूमीवर आणलं. नाटक आणि त्यातली पदं लिहिली होती अमरावतीच्या वीर वामनराव जोशींनी. चाली होत्या रामकृष्णबुवा वझेंच्या. आणि तेजस्विनीचं काम करणारा गायक होता अवघ्या २६ वर्षांचा. त्याचं नाव मास्टर दीनानाथ मंगेशकर.

या नाटकातलं 'परवशता पाश दैवे' हे पद आजही मैफलीत म्हटलं जातं. पारतंत्र्याचं दुःख सांगणारं हे गाणं स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाच्या लेखणीतून उतरलं होतं. त्यामुळे थिएटरात बसलेल्या लोकांना त्याचा खरा अर्थ वेगळा सांगावा लागत नव्हता.

नाटक गाजलं, पदं गाजली, दीनानाथ तर गाजलेच. पण त्यानंतर पंधरा वर्षांत ती कंपनीही राहिली नाही आणि दीनानाथही. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा वय होतं ४१. घर चालवण्यासाठी थोरल्या मुलीला, म्हणजे लतादीदींना, बाराव्या-तेराव्या वर्षी सिनेमात काम धरावं लागलं.

एवढा मोठा गायक, एवढी लोकप्रियता, मग असं का झालं? याचं उत्तर शोधायचं तर नाटक कंपनी ही भानगड नेमकी काय होती, ते आधी बघावं लागतं.

कंपनी म्हणजे गवयाची नोकरी

आज नाटकातला कलाकार प्रयोगागणिक पैसे घेतो. आज या निर्मात्याकडे, उद्या त्या. तेव्हा तसं नव्हतं. नट कंपनीत 'राहायचा'. कंपनीचं बिऱ्हाड असायचं. एकाच छताखाली मुक्काम, एकाच पंगतीत जेवण, सकाळी तालीम, रात्री प्रयोग. महिन्याचा पगार ठरलेला. गाणं शिकवायला बुवा, साथीला ऑर्गन, तबला, सारंगी. पडदे रंगवणारे, कपडेपट सांभाळणारे, आचारी, असा सगळा लवाजमा रेल्वेनं गावोगाव फिरायचा.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला आणि या पद्धतीच्या संगीत नाटकाचा पाया पक्का झाला. किर्लोस्कर मंडळीत पुढे भाऊराव कोल्हटकर गायले. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, तिथेच आले. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. किर्लोस्कर मंडळीत पोकळी झाली आणि ती भरायला १९१४ साली गोव्याच्या मंगेशीचा एक चौदा वर्षांचा मुलगा आणला गेला. तोच दीनानाथ.

म्हणजे एखाद्या ऑफिसात जागा रिकामी व्हावी आणि नवीन भरती व्हावी, तसंच हे. फरक इतकाच की इथे जागा गळ्याची होती.

मुख्य गवयाचा गळाही विशिष्ट लागायचा. माईक नव्हता. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत शब्द पोहोचायचा तर पट्टी वरची हवी. शिवाय बायकांची कामं पुरुषच करत. त्यामुळे खर्जातल्या भारदस्त आवाजापेक्षा उंच आणि धारदार आवाजाची चलती होती. लोक 'वन्समोअर' देत राहायचे आणि नाटक पहाटेपर्यंत चालायचं. रोज असं गाणं म्हणजे गळ्याची मजुरीच.

यात वऱ्हाड कुठे आलं?

संगीत नाटक म्हटलं की पुणे, मुंबई, सांगली, कोल्हापूर एवढीच नावं घेतली जातात. पण 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' अशी ओळख असलेल्या या मुलखानं या धंद्याला लेखक दिले आणि आश्रयदातेही दिले.

पहिलं नाव दादासाहेब खापर्डे यांचं. अमरावतीचे नामांकित वकील, लोकमान्य टिळकांचे सहकारी आणि नाटकाचे जबरदस्त शौकीन. १९०५ साली मुंबईत पहिलं मराठी नाट्यसंमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष हे अमरावतीचे वकीलसाहेब होते.

दुसरं नाव श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं. तेही वकीलच. अकोला, खामगाव आणि जळगाव जामोद इथे त्यांनी वकिली केली. १८९६ च्या 'वीरतनय'पासून त्यांनी संगीत नाटकात पारशी रंगभूमीच्या धाटणीच्या नव्या चाली आणल्या. गवयांना वेगळं काहीतरी गायला मिळालं. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानायचे.

तिसरे वीर वामनराव जोशी. त्यांचं 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' हे नाटक ललितकलादर्श मंडळीनं केलं. त्यात मृणालिनीचं काम करणारे केशवराव भोसले त्या काळचे आघाडीचे गायक नट होते. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांसोबत संयुक्त 'मानापमान'मध्ये गायलेले केशवराव ते हेच. त्याच वर्षी ऐन एकतिशीत ते गेले. त्यानंतर सहा वर्षांनी वामनरावांचं 'रणदुंदुभि' दीनानाथांनी केलं. म्हणजे अमरावतीच्या एकाच लेखकाची नाटकं दोन पिढ्यांतल्या दोन मोठ्या गळ्यांनी गायली.

मालकही तोच, गवईही तोच

१९१८ मध्ये दीनानाथ किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले. चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासोबत त्यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. (भाऊराव, श्रीपाद कृष्ण आणि चिंतामणराव हे तिघे वेगवेगळे कोल्हटकर, गोंधळ नको.) गडकऱ्यांचं 'भावबंधन' या कंपनीनं केलं. त्यात दीनानाथ लतिका झाले. १९३१ मध्ये सावरकरांचं 'संन्यस्त खड्ग'ही याच कंपनीनं आणलं.

पण नोकरी सोडून मालक झाल्यानं एक गोष्ट बदलली. आता पगार मिळत नव्हता, तर द्यावा लागत होता. पन्नास-शंभर माणसांचं जेवण, रेल्वेभाडं, थिएटरचं भाडं, पडदे, कपडे, हे सगळं रोजच्या तिकिटांवर चालायचं. प्रयोग पडला, पाऊस लागला, गवयाचा गळा बसला, तरी पंगत थांबत नसे. भांडवल म्हणजे कर्ज आणि तारण म्हणजे गवयाचा गळा, असा हा व्यवहार होता.

आणि मग १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' आला. पुढच्याच वर्षी मराठीत बोलणारा 'अयोध्येचा राजा' आला. कमी तिकिटात गाणं, नट आणि देखावे बघायला मिळू लागले. नाटकाची थिएटरं सिनेमाला गेली. बालगंधर्व १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्ये दिसले. दीनानाथांनी बळवंत पिक्चर्स काढली आणि १९३४ मध्ये 'कृष्णार्जुन युद्ध' बनवला. सिनेमाच्या धंद्यात नुकसान झालं आणि कंपनी बुडाली.

जगात दुसरीकडे काय झालं?

गायकाला महिन्याचा पगार देणारी कंपनी ही फक्त मराठी गोष्ट नाही. जर्मनीतही ऑपेरा असाच चालायचा आणि आजही चालतो. फरक इतकाच की तिथली कंपनी गावोगाव फिरत नाही. शहराचं स्वतःचं थिएटर असतं आणि गायक, वादक, कोरस तिथे कायम नोकरीला असतात.

या थिएटरांना आधी राजे-रजवाडे पोसायचे. १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतले राजे गादीवरून गेले. तेव्हा दरबारी थिएटरं बंद पडली नाहीत. ती प्रांतांच्या सरकारांनी आणि नगरपालिकांनी चालवायला घेतली. योगायोग असा की बळवंत मंडळीही १९१८ मध्येच सुरू झाली.

याचा गायकाला काय फायदा झाला, ते कुर्ट मोल यांच्या कारकिर्दीवरून कळतं. १९३८ मध्ये कोलोनजवळच्या बुइर गावात जन्मलेला हा माणूस. आवाज खर्जातला, तिकडच्या भाषेत 'बास'. आधी कोलोनच्या ऑपेरात, मग माइन्त्स आणि वुपर्टाल अशा मध्यम शहरांत नोकरी केली. लहान कामं, म्हातारे राजे, पुजारी, विनोदी पात्रं, जे येईल ते गात आवाज तयार केला. १९७० च्या सुमारास हॅम्बुर्गला आले आणि मग जगभर गाजले. १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गायले. मोझार्टच्या ऑपेरातले झारास्त्रो आणि ऑस्मिन ही त्यांची गाजलेली कामं. २००६ मध्ये म्युनिकला निवृत्त झाले ते पहारेकऱ्याचं काही मिनिटांचं काम करून. ऐन बहरात लागतो तो वेळ आणि म्हातारपणी लागतो तो मान, दोन्ही त्यांना मिळालं.

तिथेही सगळं गोडगोड नाही. करार साधारण वर्षाचा असतो आणि नोटीस दिली नाही तर पुढे चालू राहतो. एकाच थिएटरात १५ वर्षं झाली की मात्र गायकाला सहज काढता येत नाही. त्यामुळे चौदावं वर्ष जवळ आलं की काही गायकांना आधीच नारळ मिळतो. पगारही सुरुवातीला बेताचाच असतो. पण एका रात्रीचं तिकीट खपलं नाही म्हणून गायकाचं घर बुडत नाही. कारण प्रयोगाचा तोटा नगरपालिका आणि सरकार सोसतं.

मग आपल्याकडे काय राहिलं?

आपल्याकडेही आश्रय होता. कोल्हापूरचे शाहू महाराज, बडोद्याचे सयाजीराव गायकवाड, अमरावतीचे खापर्डे यांच्यासारखी माणसं नाटकाच्या पाठीशी उभी राहिली. पण तो आश्रय माणसाचा होता, संस्थेचा नव्हता. संस्थानं गेली, वकिलांचा तो जमाना गेला आणि त्यांची जागा कुणीच घेतली नाही. सिनेमा तर जर्मनीतही आला होता. तिथे थिएटर सार्वजनिक झालं म्हणून वाचलं, इथे ते मालकाच्या खिशावर राहिलं म्हणून बुडालं.

पगारी कलाकारांचं कायम पथक आपल्याकडे अगदीच नाही असं नाही. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं रंगमंडळ दिल्लीत १९६४ पासून आहे. पूर्व विदर्भात वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून पुढचे काही महिने कंपन्या आजही रोज नाटक करतात. तिथे नट गातातही आणि लोक तिकीट काढून रात्रभर बसतातही. पण हंगाम संपला की कमाई थांबते.

आज अकोला-अमरावतीचा गाणारा पोरगा युवा महोत्सवात बक्षीस मिळवतो, सुगम संगीताच्या कार्यक्रमात गातो, रील टाकतो, व्हायरल होतो. पण वयाच्या चौदाव्या वर्षी दीनानाथांना मिळाली तशी, रोज तालीम, रोज प्रयोग आणि महिन्याला पगार देणारी जागा त्याच्यासाठी गावात नाही. गळा घडवायला दहा वर्षं लागतात आणि त्या दहा वर्षांचं जेवण कुणीतरी द्यावं लागतं. तेव्हा ते कंपनी द्यायची.

वीर वामनरावांची पदं अजून गायली जातात. ती ज्या कंपनीसाठी लिहिली, तशी कंपनी मात्र पुन्हा उभी राहिली नाही.